धुक्याची पेटी



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी विज्ञानाचे शिक्षक होते, आणि शाळेच्या अंदाजपत्रकात प्रयोगशाळेसाठी जी तुटपुंजी रक्कम धरली जाई तिच्यात जे बसत नसे ते स्वतःच्या हाताने करून घेण्याचा त्यांचा शिरस्ता होता, एवढे सांगितले म्हणजे आजचा विषय मी का निवडला याची वेगळी कैफियत द्यावयास नको. अल्प खर्चात, घराच्या आत, मातीवाचून, केवळ धुक्यावर वनस्पती वाढविण्याचे साधन कसे योजावे, आणि योजल्यावर त्याच्याकडून नेमके कोणते काम घ्यावे, हा तो विषय होय. यांपैकी पहिल्या प्रश्नाची उत्तरे हल्ली मुबलक मिळतात. दुसरा प्रश्न विचारण्याची तसदी मात्र फारसे कोणी घेत नाही, आणि माझे म्हणणे मुख्यतः त्या दुसऱ्याविषयी आहे.

सातारा व सांगली हे आपले दोन जिल्हे कारभाराच्या दृष्टीने आज वेगळे असले, तरी १९४९ मध्ये एकाच साताऱ्याची उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी वाटणी झाली व १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले, हे आपणांपैकी वडीलधाऱ्यांच्या स्मरणात असेल. या मुलखाएवढी पाण्याची विषम वाटणी दुसरीकडे क्वचितच आढळेल. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडावा, आणि तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरील माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास रेंगाळावा, तोही पडेल तेव्हा पडेल. ही निसर्गाची आणेवारी कोणत्याही मामलेदाराच्या हातची नव्हे. धुक्याचेही तसेच. महाबळेश्वरी धुके म्हणजे प्रवाशांची करमणूक. तासगावात तेच धुके म्हणजे संकट. ऑक्टोबर छाटणीनंतर वेल फुलोऱ्यात असताना पहाटे धुई उतरली की द्राक्षबागायतदाराची झोप उडते, कारण ओल्या पानावर डाऊनी हा रोग चढावयास फार वेळ लागत नाही, आणि मग उजाडते न उजाडते तोच फवारणीचे ट्रॅक्टर बागेत घुमू लागतात. ज्या पदार्थाला हा बागायतदार शत्रू मानतो त्याच पदार्थाला घरात पगारी नोकर म्हणून ठेवावे, अशी शिफारस करावयास मी उभा आहे; तेव्हा थोडा धीर धरून ऐकावे, ही विनंती.

महाबळेश्वरच्या राईत जांभळीच्या, हिरड्याच्या व अंजनीच्या खोडांवर शेवाळाची जाड गादी असते आणि तिच्यातून नेचे व आमऱ्या डोकावत असतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. आमरीचे मूळ मातीत नसते. ते सालीला बिलगून किंवा अधांतरी लोंबत असते, आणि वनस्पतीचा सगळा चरितार्थ पाऊस, धुके व खोडावरून ओघळणारे पाणी यांवर चालतो. परंतु या मुळाची रचना बारकाईने पाहिली पाहिजे. त्याच्याभोवती मृत पेशींचे पांढुरके, सच्छिद्र आवरण असते. थेंब लागताच ते पाणी ओढून घेते, आणि कोरडे पडल्यावर त्याच पोकळ्या हवेने भरतात. म्हणजे आमरीपाशी स्वतःची शिल्लक आहे. धुके चार तास लांबले तरी तिचे अडत नाही. पालक, मेथी, टोमॅटो, द्राक्ष या आपल्या पिकांपाशी असले काही नाही. त्यांचे मूळ मातीच्या ओलाव्याच्या भरवशावर वाढलेले. ते उघड्या हवेत लोंबत ठेवले आणि धुके थांबले, तर मूलरोम प्रथम सुकतात आणि चैत्र-वैशाखाच्या दिवसांत काही तासांतच रोप मान टाकते. धुक्याच्या पेटीची सारी आखणी या एका भीतीवर आधारलेली असली पाहिजे. धुके निर्माण करणे हे काम सोपे आहे. धुके खंडित झाले असता मुळे जगविणे हे कठीण आहे.

मातीवाचून पीक घेण्याची कल्पना नवी नाही. १८६० च्या सुमारास झाक्स व क्नॉप या जर्मन शास्त्रज्ञांनी क्षारांच्या द्रावणात रोपे वाढवून वनस्पतीला मातीतून नेमके काय लागते याचा हिशेब लावला. १९३० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील गेरिके यांनी तीच रीत प्रयोगशाळेबाहेर काढली, आणि वृत्तपत्रांनी तिचा एवढा गवगवा केला की त्याच विद्यापीठातील होगलंड व आर्नन यांना १९३८ मध्ये एक पुस्तिका काढून लोकांचा उत्साह आवरावा लागला. उत्तम मातीत जे उत्पन्न येते त्याहून अधिक उत्पन्न केवळ द्रावणामुळे येत नाही, असा त्यांचा निर्वाळा होता. गंमत अशी की पुढच्या पिढीने त्यांच्या द्रावणाची कृती तेवढी उचलली आणि निर्वाळा सोडून दिला. आपल्या देशात शोल्टो डग्लस यांनी १९४६ पासून कालिंपाँगकडे साध्या साधनांचे प्रयोग केले व १९५१ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. १९५७ मध्ये वेंट यांनी तुषारांवर कॉफी व टोमॅटो वाढवून या पद्धतीला हवाई शेतीचे नाव दिले. धुके ही त्या तुषारांची पुढची, अधिक सूक्ष्म पायरी.

हे धुके पाणी तापवून केलेली वाफ नव्हे. क्यूरी बंधूंनी १८८०-८१ मध्ये दाखवून दिलेल्या तत्त्वानुसार काही स्फटिकांवर दाब दिला असता वीज उत्पन्न होते, आणि उलट वीज दिली असता ते स्फटिक आकुंचन-प्रसरण पावतात. अशाच द्रव्याची नाण्याएवढी चकती पाण्याखाली ठेवून ती सेकंदाला सुमारे सतरा लाख वेळा कंपित केली, की पाण्याच्या पृष्ठभागावर बोटभर उंचीचे कारंजे उठते आणि त्याच्या शेंड्यावरून धुके सुटते. त्या थेंबाचा व्यास तीन ते पाच मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. श्राव्यातीत कंपनांनी द्रवाचे धुके होते हे वुड व लूमिस या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२७ मध्येच नोंदविले होते. आज तेच यंत्र आपल्याकडे गणपतीच्या आरासीत कैलासावर ढग सोडण्यासाठी विकत मिळते. सांगलीसारख्या गणपतीच्या गावात तर अनंतचतुर्दशीनंतर ते पुठ्ठ्याच्या डोंगराबरोबर माळ्यावर जाते आणि अकरा महिने तेथेच पडून राहते. म्हणजे पुष्कळ घरांत अंदाजपत्रकातील मुख्य बाब आधीच खर्ची पडलेली आहे.

आता प्रत्यक्ष पेटी. बर्फातली मासळी ज्या थर्माकोलच्या पेट्यांतून घाटावर येते तसली एक धुऊन घ्यावी. दोन फूट लांब, दीड-दोन फूट रुंद आणि फूटभर खोल असली म्हणजे पुरे. आतून काळा प्लास्टिक कागद लावावा, कारण थर्माकोलमधून उजेड झिरपतो आणि उजेड मिळाला की मुळांवर शेवाळ धरते; बाहेरून पांढरा रंग द्यावा, मात्र तो पाण्यात कालविलेला डिस्टेंपर असावा, तैलरंगातील द्रव थर्माकोलला खातो. झाकणाला सहा-सहा इंचांवर दोन इंची भोके पाडून त्यांत स्पंजाच्या चकतीत धरलेली रोपे बसवावीत. येथवर कोणीही सांगेल. मतभेदाला जागा आहे ती धुक्याची चकती कोठे ठेवावी या मुद्द्यावर. बहुतेक जण ती पेटीतच सोडतात आणि नंतर मुळे का कुजली म्हणून विचारतात. चोवीस वॅटची चकती दहा लिटर पाण्यात अखंड चालविली आणि उष्णतेला बाहेर पडण्यास वाट ठेवली नाही, तर ते पाणी तासाला सुमारे दोन अंशांनी तापते. थर्माकोलची पेटी तर उष्णता कोंडून ठेवण्यासाठीच निर्माण झालेली. द्रावण अठ्ठावीस अंशांवर गेले की त्यातील प्राणवायू घटतो आणि मूळकूज करणाऱ्या बुरशीला मोकळे रान मिळते. म्हणून धुके तयार करण्याचे भांडे वेगळे आणि मुळांची पेटी वेगळी, हा माझा आग्रह.

धुक्याचे भांडे म्हणजे झाकणाची प्लास्टिकची बादली; ती एका मोठ्या मातीच्या कुंडीत बसवावी, मधल्या फटीत वाळू भरावी आणि ती वाळू सदैव ओली ठेवावी. सांगलीच्या कोरड्या फाल्गुन-चैत्रात असल्या कुंडीतून पाणी इतके भराभर उडते की आतली बादली खोलीपेक्षा काही अंश थंड राहते, आणि या थंडाव्याला विजेचा एक पैसा लागत नाही. केवळ मातीच्या माठात द्रावण ठेवू नये. माठ पाणी तेवढे झिरपू देतो, क्षार मागे साठत जातात आणि द्रावणाची तीव्रता नकळत वाढते. चकतीवर तीन ते चार सेंटिमीटर पाणी राहील अशा बेताने ती थर्माकोलच्या कड्यावर तरंगती ठेवावी, म्हणजे पातळी उतरली तरी खोली बदलत नाही. बादलीच्या झाकणावर संगणकातला बारा व्होल्टचा जुना पंखा बाहेरची कोरडी हवा आत लोटील असा बसवावा. तो धुक्याच्या वाटेवर बसविला तर महिन्यात गंजतो. बादली जमिनीवर, पेटी स्टुलावर, आणि दोहोंना जोडणारा तीन इंची पीव्हीसी पाईप बादलीकडे उतरता, म्हणजे नळीतच जमलेले पाणी आपसूक परत येते. पेटीच्या तळाशी तीन सेंटिमीटर द्रावण कायम राहावे म्हणून त्या उंचीवर एक बारीक नळी काढून ती बादलीत सोडावी, आणि रोज सकाळी बादलीतले तांब्याभर द्रावण पेटीत ओतावे. जास्तीचे आपोआप खाली उतरते, दोन्हीकडचे द्रावण मिसळते, आणि पंपाचा खर्च वाचतो.

हे तळाचे तीन सेंटिमीटर द्रावण म्हणजेच मघाशी सांगितलेल्या आमरीच्या आवरणाची भरपाई. मुळांची टोके त्यात बुडालेली आणि वरचा भाग धुक्यात, अशी व्यवस्था असली की वीज गेली तरी रोप तग धरते. शुद्ध धुक्याच्या पुरस्कर्त्यांना हा भ्रष्टाचार वाटतो. वाटो; त्यांच्या गावी भारनियमन नसेल.

चकती अहोरात्र चालविण्याचे कारणच नाही. चार मायक्रॉनचा थेंब स्थिर हवेत सेकंदाला सुमारे अर्धा मिलिमीटर या वेगाने खाली बसतो. म्हणजे फूटभर खोल पेटीत वरून सुटलेल्या थेंबाला तळ गाठावयास दहा मिनिटे लागतात. तेव्हा पाच मिनिटे चालू आणि पंधरा मिनिटे बंद अशी घड्याळाची योजना केली, की पेटी बहुतेक वेळ ओलसर राहते, चकतीचे आयुष्य चौपट होते आणि उष्णताही चौथाईवर येते. चकतीवर आठवड्याभरात पांढरी खरपुडी चढते. ती घासून काढू नये, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात अर्धा तास बुडवून ठेवली म्हणजे सुटते. चालू चकतीला बोट लावू नये, आणि तिचा अडॅप्टर पाण्याच्या पातळीहून उंच, कोरड्या जागी टांगलेला असावा. याबाबत मी विद्यार्थ्यांना कधी सवलत दिली नाही. खताचे धुके झोपण्याच्या खोलीत सांडू देऊ नये हेही सांगून ठेवतो, कारण पाणी उडून गेल्यावर मागे क्षारांची भुकटी उरते आणि दमेकऱ्याच्या छातीला ती मानवत नाही.

खताच्या बाबतीत मात्र सांगली जिल्ह्याला कोणी शिकवावयास नको. शहरातील हौशी माणसे ज्या द्रावणाच्या बाटल्या चढ्या भावाने मागवितात त्यांतील जवळजवळ प्रत्येक क्षार तासगाव, मिरज, पलूस, कवठे महांकाळ येथील कोणत्याही द्राक्षबागायतदाराच्या खोलीत पोत्याने ठेवलेला असतो. कॅल्शियम नायट्रेट, ०-५२-३४ व १३-०-४५ ही विद्राव्य खते, मॅग्नेशियम सल्फेट, चिलेटेड लोह आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची पुडी. ठिबकातून वेलीला जे दिले जाते तेच हे. दहा लिटर पाण्याला कॅल्शियम नायट्रेट सहा ग्रॅम, ०-५२-३४ दीड ग्रॅम, १३-०-४५ तीन ग्रॅम आणि मॅग्नेशियम सल्फेट तीन ग्रॅम घेतले, तर दर दशलक्ष भागांत नत्र सुमारे एकशेतीस, पालाश दीडशे, कॅल्शियम एकशेपंधरा, स्फुरद चौतीस आणि मॅग्नेशियम एकोणतीस एवढे पडते. पालेभाज्यांना एवढे पुरते, कोवळ्या रोपांना याच्या निम्मे. कॅल्शियम नायट्रेट बाकीच्यांशी दाट द्रावणात एकत्र करू नये, तळाशी चुनखडीसारखा साका बसतो. हेही बागायतदार जाणतो, म्हणूनच त्याच्या दोन टाक्या वेगळ्या असतात. सामू साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान असावा.

खरी अडचण पाण्याची आहे. कृष्णाकाठच्या पट्ट्यात, वाळवा-मिरजेकडे, उसाला पाणी पाजून पाजून ज्या जमिनी पाणथळ व खारवट झाल्या, त्यांच्या खालच्या विहिरीचे व बोअरचे पाणी आधीच क्षारांनी इतके भरलेले असते की त्यात आपण आणखी खत घालणे म्हणजे कर्जबाजाऱ्याला तगाई देण्यासारखे आहे. असल्या पाण्याची खरपुडी चकतीवरही लवकर चढते. पत्र्यावरचे किंवा गच्चीवरचे पावसाचे पाणी पहिल्या दोन सरी सोडून पिंपात धरावे. एका पेटीला ते पुष्कळ दिवस पुरते.

इतके सगळे जुळविल्यावर पालकाची किंवा लेट्यूसची बारा-सोळा रोपे चांगली वाढतात, मुळे पांढरीशुभ्र होतात, घरातली मुले झाकण उचलून उचलून पाहतात, आणि इथेच पुष्कळांचा निर्णय चुकतो. वाढ झाली म्हणजे हिशेब जमला, असे त्यांना वाटते. तेव्हा आपण जमाखर्च मांडू. चोवीस वॅटची चकती दिवसाचे सहा तास चालली, तर महिन्याला सव्वाचार युनिट वीज लागते, ती क्षुल्लक. परंतु घराच्या आत म्हणून आपण बंद खोली घेतली, तर दोन फूट चौरस जागेवर पालेभाजीला जेमतेम पुरेल इतका उजेड पाडण्यास वीस वॅटच्या चार नळ्या रोपांच्या अगदी जवळ धरून चौदा तास चालवाव्या लागतात, आणि त्यांचे महिन्याचे तेहतीस-चौतीस युनिट होतात. म्हणजे धुक्याच्या आठपट खर्च उजेडाचा. आणि तो कोठे, तर जेथे पावसाळ्याचे काही आठवडे वगळता ऊन पडवीत येऊन बसलेले असते त्या गावात. सांगलीच्या मंडईत पालकाची जुडी ज्या भावाने मिळते तो आपणांस ठाऊकच आहे. थंड प्रदेशातील, जेथे हिवाळ्यात दिवस सहा-सात तासांवर येतो, तेथील लोकांनी ही खोली जरूर बांधावी. आपण पेटी पूर्वेच्या खिडकीशी किंवा ओसरीवर ठेवावी, एवढेच शहाणपणाचे.

पाण्याचा हिशेब याहून निर्णायक आहे. एक चकती तासाला तीन-चारशे मिलिलिटर पाण्याचे धुके करते. सहा तासांत सुमारे दोन लिटर, आणि त्यातलेही बरेचसे पेटीच्या भिंतींवर जमून परत जाते. उलट, वाढीला लागलेले टोमॅटोचे एक झाड उन्हाच्या दिवशी एकटे लिटरभर किंवा त्याहूनही अधिक पाणी पिते. तेव्हा मोठ्या झाडाला धुके पोसत नाही; तळाचे द्रावण पोसते आणि श्रेय धुक्याला मिळते. धुके पुरे पडते ते फक्त ज्याला पाने थोडी आणि मूळ फुटण्याची निकड मोठी, अशा कोवळ्या जिवाला. म्हणून धुक्याची पेटी हे शेत नव्हे, ती रोपवाटिका आहे; आणि तिच्याकडून शेताचे काम मागणाऱ्याची निराशा ठरलेली आहे.

अलीकडे बंद खोलीत केशर पिकविण्याचे वेड आपल्या भागातही येऊन पोहोचले आहे, त्याचा येथेच परामर्श घेतो. केशराचा कंद भाद्रपदापासून कार्तिकापर्यंत योग्य थंडावा व दमटपणा मिळाला तर माती-पाण्यावाचूनही फुलतो, हे खरे. पण ते फूल कंदाने आदल्या हंगामात मातीत साठविलेल्या अन्नावर येते, धुके केवळ हवा दमट ठेवते. ग्रॅमभर सुके केशर दीडशेच्या आसपास फुलांतून निघते, आणि फुलून गेलेला कंद पुन्हा जमिनीत जोपासला नाही, तर पुढच्या वर्षी तो फुलण्याजोगा राहत नाही. शिवाय ते थंड तपमान सांगलीच्या खोलीत यंत्रानेच आणावे लागते. हे तीन मुद्दे जो सांगत नाही आणि प्रशिक्षणाचे शुल्क मात्र आगाऊ घेतो, त्याच्याशी व्यवहार करताना कागद नीट वाचावेत.

रोपवाटिका म्हणून या पेटीचा विचार केला की आपल्या दोन जिल्ह्यांत तिला काम मुबलक आहे. द्राक्षबागायतदार आज बाग लावतो ती बहुधा डॉगरीज या खुंटावर, कारण खारट पाणी व अवर्षण सोसण्याची ताकद त्या खुंटात आहे; परंतु डॉगरीजची काडी रुजवणे हे सोपे काम नाही. तीन-चार डोळ्यांची, पेन्सिलीच्या जाडीची काडी खालच्या डोळ्याच्या लगेच खाली कापून धुक्यात धरली, तर त्या कापावर प्रथम पिवळसर फुगीर गाठ येते, मग एके दिवशी तिच्या कडेने सालीला चीर देऊन पांढरी टोके बाहेर पडतात. मातीत ही सारी क्रिया डोळ्यांआड होते आणि कोणती काडी मेली हे पान सुकल्यावरच कळते. पेटीत ते रोज दिसते, आणि निकामी काडी तेव्हाच काढून टाकता येते. मात्र मुळे दोन-तीन सेंटिमीटर झाली की काडी कोकोपीटच्या ट्रेत गेली पाहिजे. धुक्यात लांब वाढलेली मुळे नाजूक असतात, मातीत ती टिकत नाहीत, आणि लांब मुळांचे कौतुक करीत बसणारा हौशी माणूस नेमका येथे रोप गमावतो.

खटाव-कोरेगावकडे खरिपात बटाटा होतो आणि त्याचे बेणे दरवर्षी पंजाबातून येते. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने तुषारांवर मुळे लोंबत ठेवून रोगमुक्त लघुकंद काढण्याची पद्धत बसविली आहे. ती घरगुती पेटीच्या आवाक्याबाहेरची आहे, तिला ऊतिसंवर्धित रोपे आणि थंड, निर्जंतुक घर लागते, हे मी दडवून ठेवीत नाही. पण तत्त्व तेच आहे: जेथे एकेका रोपाची किंमत जास्त आणि त्याचा पसारा लहान, तेथेच हे साधन शोभते. साताऱ्याच्या आल्याला कंदकूज लागली की एकरच्या एकर बसतो, आणि तिची सुरुवात पुष्कळदा बेण्यातूनच होते. तेथेही हाच विचार लागू पडतो.

या सर्वांत मला आशा वाटते ती हळदीविषयी. सांगलीच्या हळदीचा व्यापार जुना आहे. हरिपूरला जमिनीतल्या पेवांत ती वर्षानुवर्षे राखली जाई, आणि २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. रूढ पद्धतीने लागवड करावयाची तर हेक्टरी पंचवीस क्विंटलच्या आसपास बेणे जमिनीत घालावे लागते, म्हणजे विक्रीयोग्य मालाचा मोठा हिस्सा दरवर्षी पुन्हा मातीत जातो. एका डोळ्याचे तुकडे करून त्यांची रोपे ट्रेत वाढविली, तर बेणे पुष्कळच वाचते, ही रीत आता रुळत आहे. प्रश्न एवढाच की हे तुकडे फुटवे काढण्यासाठी काही दिवस धुक्याच्या पेटीत ठेवले, तर ते अधिक लवकर व अधिक सारखे फुटतील काय. पेटीच्या बाजूने तीन गोष्टी आहेत. हळदीला ऊब हवी असते, म्हणून आपल्या चैत्राच्या ज्या उष्णतेची पालकाला धास्ती, ती येथे पथ्यावर पडते. कंदाला स्वतःची शिदोरी असते, म्हणून खत लागत नाही. साधे पावसाचे पाणी पुरते, चकतीवर खरपुडी चढत नाही, मोजमापाची उपकरणे घ्यावी लागत नाहीत. आणि फुटव्यांना प्रथम उजेडही लागत नाही, म्हणजे आपल्या जमाखर्चातील सर्वांत जड बाबच उडते. विरुद्ध बाजूला कापलेल्या तुकड्याची कूज आहे, आणि ती लहान बाब नव्हे. तुकडे बुरशीनाशकात बुडवून, कापाचा पापुद्रा सुकू देऊन मगच आत ठेवावे लागतील, आणि धुके बेताचे सोडावे लागेल.

१९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींनी दिलेल्या कुंडल रोडजवळच्या माळावर कारखाना थाटला, तेव्हा तेथे नांगर तयार करण्यापेक्षा लोखंडी नांगर शेतकऱ्याच्या गळी उतरविणे अधिक अवघड होते. शेतकरी नव्या वस्तूला नाक मुरडतो असे म्हणणारे हे विसरतात की त्याने तो नांगर अखेर घेतला, ठिबक घेतले, विद्राव्य खते घेतली, डॉगरीज घेतला. मात्र शेजाऱ्याच्या वावरात ते फळलेले पाहिल्यावरच. व्याख्यानाने कोणी काही घेत नाही, याची मला जाणीव आहे.

म्हणून माझी मागणी व्याख्यानापुरती नाही. हळदीची लागण अक्षय्य तृतीयेच्या सुमारास सुरू होते. तेव्हा आपल्या दोन जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांनी, आणि ज्या घरांत माळ्यावर गणपतीचे धुक्याचे यंत्र पडून आहे त्यांनी, फाल्गुनअखेर एकेक पेटी उभी करावी. एकाच पोत्यातले, सारख्या वजनाचे शंभर तुकडे घ्यावेत. पन्नास धुक्यात, पन्नास कोकोपीटच्या ट्रेत, त्याच खोलीत. किती फुटले, कितव्या दिवशी फुटले, किती कुजले, आणि पेटीतून काढून ट्रेत लावल्यावर महिन्याने किती जगले, एवढ्या चार रकान्यांची वही ठेवावी, आणि कुजलेल्यांचा रकाना कोरा सोडू नये. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे हळदीवरील संशोधन सांगली जिल्ह्यातच, कसबे डिग्रज येथे चालते. सांगलीहून ते गाव काही दूर नाही. वह्या ज्येष्ठात तेथे नेऊन दाखवाव्यात.